हिरव्या दोऱ्याचं फडकं

आमच्या उस्तादांनी ट्रेनिंगच्या गाडीच्या हॉर्नची वायर स्वतःच्या हातानं तोडून ठेवली होती. आदिलाबादजवळच्या मावल्याच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या कंपनीच्या मैदानात ती दहा चाकांची जुनी गाडी उभी असायची. नवीन आलेला प्रत्येक मुलगा पहिल्या संधीला हॉर्न दाबून पाहायचा. आवाज काही यायचा नाही. मागून उस्ताद विचारायचे, "काय गा, कोणाले बलावून राह्यला?"

हॉर्न म्हणजे आपण वेळेवर पाहिलं नाही याची कबुली, असं त्यांचं ठाम मत होतं. "ज्यानं आंधी पाह्यलं त्याले बोंबलायचं काम पडत नाही," असं ते म्हणत. स्वतःच्या गळ्यात मात्र शाळेत पीटीच्या सरांकडे असते तसली शिट्टी घालून हिंडत. आम्ही चुकलो की ती एवढ्या जोरात वाजवत की हायवेवरची जनावरंसुद्धा थबकत. "हे चालते का उस्ताद?" असं एकदा कोणी तरी विचारलं, तर म्हणाले, "हे गाडीसाठी नाही. पोट्ट्यायसाठी हाय."

मे महिन्यातही त्यांच्या गळ्याभोवती तपकिरी मफलर असे. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. डावा पाय किंचित ओढत चालत. तीस वर्षं नागपूर-हैदराबाद लाइनवर काढली होती आणि डावा गुडघा क्लचनं खाल्ला, असं ते सांगत. डॉक्टरांनी आता लांबची गाडी बंद म्हटल्यावर कंपनीनं त्यांना मैदानावर शिकवायला ठेवलं होतं. गाडीला ते म्हातारी म्हणत. सकाळी आले की आधी तिच्या बोनेटवर हात ठेवत, आणि मग आमच्याकडे पाहत.

आम्ही बारा जण होतो. उस्तादांनी कोणाला नावानं हाक मारली नाही. गावावरून कोणी इंद्रवेल्ली, उंचीवरून कोणी लंबू. सायलू नावाचा एक तेलुगू मुलगा होता, तो निर्मळचा म्हणून त्याचं नाव निर्मळ. मी बीए.

"ए बीए, टायरची माफी माग."

हे खरंच मागावं लागे. टायर फुटपाथला घासला की उतरायचं, टायरसमोर उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "माफ कर, माही नजर दुसरीकडं होती." बाकीचे अकरा जण हसत. स्टिअरिंग हातात आल्यावर पहिला आठवडाभर मी रोज माफी मागत होतो.

मी तिथे कसा पोचलो तेही सांगायला हवं. माझं गाव पैनगंगेच्या काठी. बाबा आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात सालदार. आमच्या घरातला मी पहिला बीए. मराठी शाळेत दहावी झालो, आदिलाबादला कॉलेज केलं. निकालाच्या दिवशी बाबांनी माझं प्रमाणपत्र दोन्ही हातांवर घेतलं, जसं काही ते सांडेल. "आता खुर्चीवरचं काम पाह्य," एवढंच म्हणाले. मी पाहिलं. दोन वर्षं परीक्षा दिल्या. एकाही परीक्षेचा निकाल वेळेवर लागत नव्हता आणि घरी बसून खाणं नको झालं होतं. तेवढ्यात कंपनीची जाहिरात दिसली. पाच महिने शिकवणार, राहणं-जेवण त्यांचं, हेवी लायसन्सही तेच काढून देणार. त्या बदल्यात नंतर एक वर्ष त्यांची गाडी चालवायची. सगळी मूळ प्रमाणपत्रं कंपनीच्या कपाटात ठेवायची. मी ठेवली. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी जेवण कसं असतं तेवढं विचारलं आणि फोन ठेवला.

उस्तादांना मात्र माझ्या बीएचं कोण कौतुक. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय शिकला त्याच्यात?"

"इतिहास, उस्ताद. अन् राज्यशास्त्र, मराठी."

"इतिहास म्हंजे?"

"मागं काय झालं ते."

ते एकदम खूश झाले. "मंग तुले आरसा येईन," म्हणाले.

आरसा हे त्यांच्या शिकवण्याचं सार होतं. गाडी चालू असताना ते शेजारी बसत. मध्येच खिडकीतून वाकून किंवा आमच्या अंगावरून हात घालून आरशावर आपला पंजा ठेवत आणि विचारत, "मांगं काय हाय?" आरसा झाकलेला असताना सांगायचं. पांढरी जीप, तिच्या मागं कापसाचा ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर दोन माणसं. माणसं तीन निघाली तरी गाडी बाजूला घ्यावी लागे. "समोरचं तर बैलालेही दिसते," ते म्हणत. "मांगचं ज्याले दिसते तो डायव्हर."

एकदा मी चिडून म्हणालो, "उस्ताद, सारखं मांगं पाह्यलं तर पुढं कधी पाहू?"

"पुढं जायाचंच हाय तुले, ते कुठं पळून राह्यलं?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला कंपनीशी केलेला करार वाचायला लावला. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, वाचला कोणीच नव्हता. इंग्रजीत होता. उस्तादांची शाळा चौथीपर्यंतची. ते म्हणाले, "इतके साल झाले पोट्टे येते, सही करते, कागद कपाटात जाते. आता बीए आला तर आयकू तरी काय लिवलं हाय." दुपारी जेवणं झाल्यावर म्हातारीच्या सावलीत सगळे बसले आणि मी एकेक कलम वाचून मराठीत सांगू लागलो. सायलू शेजारच्या दोघांना तेलुगूत सांगत होता.

सातव्या की आठव्या कलमात होतं, की मुदतीच्या आधी सोडून जाणाऱ्यानं शिकवण्याचा सगळा खर्च भरून द्यावा, नाहीतर कंपनीच्या संमतीनं आपल्या जागी बदली माणूस द्यावा. त्याच्याकडे हेवी लायसन्स हवं आणि त्यानं उरलेली मुदत त्याच पगारात गाडी चालवून पूर्ण करावी. तोपर्यंत मूळ कागद परत मिळणार नाहीत.

"ते बदलीचं पुन्हा वाच," उस्ताद म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

ते हसायला लागले. हसता हसता मफलरनं डोळे पुसले. "म्हंजे पळणाऱ्यानं आपल्या जागी माणूस उभा कराचा! लेकहो, असा येडा कोण भेटन तुमाले?"

सगळे हसले. मीही हसलो.

फडक्याची गोष्ट त्यांच्या सगळ्या तऱ्हांमध्ये मोठी. पहिले नऊ दिवस स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असा नियम होता. नऊ दिवस फक्त अनवाणी गाडीभोवती फिरायचं, प्रत्येक टायरवर हात ठेवायचा, आणि आरसे, दिवे, काचा पुसायच्या. त्यासाठी प्रत्येकाला एक पिवळं सुती फडकं मिळे. उस्तादांची मुलगी इचोड्याला दिलेली होती. जावयाचं टायरचं दुकान होतं. ती घरच्या मशीनवर फडक्यांना काठ शिवून पाठवायची, दर तुकडीला वेगळ्या रंगाचा दोरा. आमच्या तुकडीचा हिरवा.

ते फडकं सांभाळायचं आणि जाण्याच्या दिवशी धुऊन उस्तादांच्या हातात परत द्यायचं. ते हुंगत, चौघडी करत आणि खोलीतल्या लोखंडी पेटीत ठेवत. मग म्हणत, "जा. आता गाडी तुही." एवढाच निरोपसमारंभ. पण शिकून गेलेले कित्येक डायव्हर हायवेवरून जाताना मैदानापाशी गाडी हळू करत, नुसते हात वर करून जात, त्यात हे वाक्य असे.

"अन् मधातच पळून गेला त्याचं काय?" सायलूनं विचारलं होतं.

"पळणाऱ्यानं बी फडकं देऊन पळा. पळायचं दुःख नाही मले. फडकं गेलं की माणूस कुठं गेला ते समजत नाही."

तिसऱ्या महिन्यात त्यांनी आम्हाला घाट पायी चढायला लावला. निर्मळच्या अलीकडचा घाट. आता रस्ता रुंद आहे, पण उस्ताद जुन्या वळणांची नावं घेत चढत होते. ऊन होतं. ते स्वतः ओढत्या पायानं आमच्या पुढे. प्रत्येक वळणाच्या आधी थांबत आणि मला म्हणत, "बीए, लिव." त्यांनी खडू आणला होता. कठड्याच्या दगडावर मी लिहायचो, कुठं तिसरा गिअर, कुठं दुसरा, कुठं पाय ब्रेकवर ठेवायचाच नाही. त्या खुणा तीस वर्षं त्यांच्या डोक्यात होत्या. कधी कागदावर आल्या नव्हत्या. वर पोचलो तेव्हा ते एका दगडावर बसले, गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि माझ्याकडे न पाहता बोलले.

"कंपनी म्हणते पुढच्या साली शिकवणारा शिकलेला पायजे. कागदवाला. मी तर चौथी. तुही साल-दोन साल लाइन झाली का मंग तू ये मैदानावर. माह्या डोक्यातलं तुह्या वहीत घे. मंग मी मोकळा."

मी "हो उस्ताद" म्हणालो. तेव्हा ते खोटं नव्हतं. मला खरंच वाटलं होतं की हे माणसाचं काम आहे आणि ते मला जमेल. त्या दिवशी वर जो वारा होता तो अजून आठवतो.

पुढच्या महिन्यात नव्या तुकडीची मुलं आली. उस्तादांनी गळ्यातली शिट्टी काढून सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात घातली. "पहिले नऊ दिवस यायले बीए फिरवीन," म्हणाले. लंबूनं मागून चिमटा काढला, "मास्तर झाला लेका." मी लाजलो, पण रात्री झोपताना शिट्टी उशाशी ठेवली.

आणि त्याच आठवड्यात निकाल लागला. मी विसरूनही गेलो होतो अशा एका परीक्षेचा. बासरजवळच्या एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक. दहा दिवसांच्या आत मूळ प्रमाणपत्रांसह हजर व्हायचं. बाबांना फोन केला. ते रडले. शेतात होते, वाऱ्याचा आवाज येत होता. मध्येच म्हणाले, "खुर्ची हाय ना रे?"

"हाय बाबा."

इथपासून पुढे मी जे वागलो ते सरळ सांगतो.

मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजरनं करार पुढे ठेवला. खर्च भर, नाहीतर बदली माणूस आण. खर्च भरायचा म्हणजे आमचं घर विकूनही भागलं नसतं, आणि हेवी लायसन्सवाला कोण ओळखीचा? मी चार दिवस ऑफिसात खेटे घातले. रोज सकाळी गळ्यात शिट्टी घालून नव्या मुलांना म्हातारीभोवती फिरवायचो आणि दुपारी ऑफिसच्या बाकावर जाऊन बसायचो. उस्तादांना मात्र बोललो नाही. काय बोलणार होतो? ज्याच्या वहीत ते आपलं डोकं रिकामं करणार होते, तोच निघाला होता. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. एका संध्याकाळी त्यांनी आपल्या बशीतला अर्धा चहा माझ्या बशीत ओतला आणि विचारलं, "काऊन बीए, मांगं काय हाय?"

"काही नाही उस्ताद."

ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "बरं," म्हणाले.

सातव्या दिवशी सकाळी ऑफिसातून बोलावणं आलं. कारकुनानं कपाट उघडलं, माझी फाइल काढून टेबलावर ठेवली आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "सही कर. कागद मोजून घे."

"सर, ते बदलीचं?"

"झालं तुझं काम. जा आता."

मॅनेजरचं मन वळलं असेल, गरिबाचा मुलगा म्हणून सोडलं असेल, असं मी स्वतःला सांगून टाकलं. उस्तादांनी म्हटल्यावर मी ते कलम दोनदा वाचलं होतं. त्या दिवशी मात्र दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं तर फाइल पुन्हा कपाटात जाईल अशी भीती वाटली.

शिट्टी मी ऑफिसातल्या खिळ्याला अडकवली. बाहेर आलो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला म्हातारी उभी होती. नवी मुलं अनवाणी तिच्याभोवती फिरत होती आणि उस्ताद माझ्याकडे पाठ करून उभे होते. दोनशे पावलं असतील. फडकं माझ्या बॅगेत सगळ्यात वर होतं, आदल्या दिवशी धुतलेलं. तेवढ्यात निर्मळची बस आली आणि मी हात केला.

रविवारी येऊन देऊ, असं मी बसमध्ये ठरवलं.

त्या रविवारी गेलो नाही. पुढच्याही नाही. नोकरीनं मला पुष्कळ दिलं. बाबांचं सालदारीचं काम सुटलं, घरावर पक्कं छत आलं, बहीण नर्स झाली. याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. ती नोकरी घेतली याचा मला पश्चात्ताप नाही. पण आदिलाबादला जाताना बस इचोड्याला थांबायची तेव्हा मी उगाच मोबाइल काढून बसायचो. रस्त्याच्या त्या बाजूला टायरची दुकानं आहेत, म्हणून.

सहा वर्षांनी बासरच्या मंदिराबाहेर कोणीतरी मला मागून मिठी मारली. "अरे बीए! नुव्वेना? तूच ना?" सायलू होता, पोट सुटलेला, चंदन लावलेला. मुलीला घेऊन अक्षराभ्यासाला, म्हणजे पहिलं अक्षर गिरवून घ्यायला, आला होता. तिच्या बोटाला तांदळाचे दाणे चिकटले होते. पाटीवरचं पहिलं अक्षर ती सगळ्यांना दाखवत होती. आम्ही पायरीवर बसलो. त्यानं सगळ्यांची खबर दिली. लंबूनं स्वतःची गाडी घेतली, इंद्रवेल्ली दुबईला गेला. मग तो सहज म्हणाला, "उस्ताद आता इचोड्याले पोरीपाशी राह्यते. चालत नाहीत जास्त. तुही गाडी चालवली त्या सालापासून."

"माझी गाडी?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "तुले मालूम नाही? तू ऑफिसच्या बाकावर बसे ते त्यांनी पाह्यलं, अन् तुह्या नावाची गाडी त्यांनीच काढली ना बे. पूर्ण एक साल. नागपूर-हैदराबाद. त्याच गुडघ्यानं. मॅनेजर म्हणे, उस्ताद तुमी कायले, डॉक्टरनं नाही म्हटलं. ते म्हणे, लायसन्स हाय ना माह्यापाशी? मंग घे अंगठा."

"पण त्यांना कोणी सांगितलं, असं करता येतं म्हणून?"

"कोण सांगन?" सायलू म्हणाला. "तूच तर वाचून दाखवलं होतं."

त्याच्या मुलीनं पाटी माझ्यापुढे धरली. छान आहे, असं मी काहीतरी म्हणालो.

पुढच्या सुटीच्या दिवशी मी मोटरसायकल काढली. फडकं तेवढी वर्षं कपाटात तळाशी होतं. ते पुन्हा धुतलं, इस्त्री केली. भैंशावरून निर्मळ, मग घाट. खडूच्या खुणा पावसानं कधीच गेल्या होत्या, तरी प्रत्येक वळणाआधी माझा हात आपोआप गिअर उतरवत होता. इचोड्याला टायरचं दुकान विचारायलाही लागलं नाही. उस्ताद दुकानासमोर एका जुन्या टायरवर गादी टाकून बसले होते. मफलर तोच. शेजारी काठी.

मी गाडी लावली, हेल्मेट काढलं. त्यांनी आधी माझ्या पुढच्या चाकाकडे पाहिलं.

"हवा कमी हाय, बीए."

मी पाया पडलो. त्यांची मुलगी चहा घेऊन आली. उस्तादांनी बाबांची खबर विचारली, बहिणीची विचारली, खुर्ची लाकडाची की फिरायची तेही विचारलं. फिरायची आहे म्हटल्यावर हसले. मैदानावर आता दुसरा माणूस शिकवतो, त्याच्या गाडीला हॉर्न आहे, असं त्यांनी तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून सांगितलं. मी गुडघ्याकडे पाहत होतो. तो कापडात गुंडाळलेला होता.

"उस्ताद, मले मालूम नव्हतं. सायलूनं आत्ता सांगितलं."

"काय मालूम नव्हतं?"

"बदलीचं."

"ते होय," ते म्हणाले. "लाइनवर जाऊन बरं वाटलं लेका. घरी बसून काय कराचं होतं."

त्यांच्या मुलीनं कपबशा उचलल्या, जरा जोरातच. ती आत जायला निघाली.

मी खिशातून फडकं काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. मुलगी दारात थांबली. हिरवा काठ तिनं ओळखला असावा. उस्तादांनी फडकं घेतलं, नाकाशी नेलं, उलटं करून पाहिलं. घडी मात्र घातली नाही.

"एक सांग बीए. तू ज्या बसनं गेला, त्या बसच्या मांगं काय होतं?"

बसमध्ये मी मागच्या खिडकीजवळच बसलो होतो. मांडीवर फाइल होती आणि इचोडा येईपर्यंत मी प्रमाणपत्रं काढून मोजत होतो, पुन्हा आत ठेवत होतो, पुन्हा मोजत होतो. मागे एकदाही पाहिलं नव्हतं.

"पाह्यलं नाही उस्ताद."

"म्हातारी होती," ते म्हणाले. "मावल्यापासून इथवर. तीन खेप लाइटचा डिपर देल्ला तुले. बसचा कंडक्टर पाहे, तू काही पाहे ना. मंग याच स्टँडवरून वळवली."

"हो," मुलगी दारातून म्हणाली. "मी च्या देल्ला होता बाबाले. नवे पोट्टे बी होते मांगं बसले, पाय उघडे."

"मला थांबवायला आले होते का उस्ताद?"

"थांबवाले कायले? अंगठा तर आदल्या दिवशीच देऊन झाला होता. फडकं राह्यलं होतं ना तुह्यापाशी." त्यांनी मान हलवली. "मले वाटलं, गडबडीत इसरला असन."

इतक्या वर्षांनंतर त्यांनी माझ्यासाठी एक सोपी वाट काढून ठेवली होती. फडकं बॅगेत सगळ्यात वर होतं. मी विसरलो नव्हतो. मी दोनशे पावलं चालायला घाबरलो होतो. तेच सांगायला मी आलो होतो, घाट चढताना वाक्यही जुळवलं होतं. आणि तोंडातून निघालं, "हो उस्ताद. इसरलोच."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, त्या संध्याकाळी बशीत चहा ओतून पाहिलं होतं तसं.

"बरं," म्हणाले.

काठी टेकून ते उठले. उठायला बराच वेळ लागला, मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. माझ्या मोटरसायकलपाशी जाऊन त्यांनी फडक्यानं उजवा आरसा पुसला, मग डावा, कोपऱ्यांसकट. झाल्यावर फडकं हँडलला बांधलं.

"मंग राहू दे अजून तुह्यापाशी," म्हणाले. "चाकात हवा भरून जाजो."

जावयानं हवा भरली. मी गाडी सुरू करून थांबलो. जे वाक्य ते सगळ्यांना म्हणत, ते म्हणतील म्हणून थांबलो. ते टायरवर जाऊन बसले आणि मफलर नीट करू लागले.

निघालो तेव्हा आरसा इतका स्वच्छ होता की वळणापर्यंत ते दिसत होते. दुकान, काठी, चष्म्याला बांधलेला दोरासुद्धा दिसतोय असं वाटलं. वळणानंतर आरशात एक कापसाची गाडी होती आणि तिच्या मागे दोन स्कूटर.

आता ते फडकं माझ्या टेबलाच्या खणात आहे. शिक्क्याची डबी काढायला हात घातला की हिरवा काठ बोटांना लागतो. मी विसरलो नव्हतो, उस्ताद. एवढं एकच वाक्य घेऊन मला पुन्हा इचोड्याला जायचं आहे.